न्यूट्रल रंगांत घर सजवताना: आधी फरशी, मग उजेड, शेड सगळ्यात शेवटी

घराचं रंगकाम काढलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी शेडकार्ड उघडून बसतात. ‘काहीतरी लाइट घेऊ, क्रीम नाहीतर ग्रे’ असं म्हणून तासाभरात निर्णय होतो. फिकट रंगात चुकायला काय आहे, असा सगळ्यांचाच समज असतो. पण गडद निळ्या भिंतीपेक्षा फिकट राखाडी भिंत जास्त फसवते. निळा कुठल्याही उजेडात निळाच राहतो. राखाडी मात्र सकाळी राखाडी, दुपारी हिरवट आणि रात्री ट्यूब लावली की जांभळट दिसू शकतो.

आमच्या नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचं काम आम्ही स्वतः उभं राहून करून घेतलं. त्यानंतर इंदिरानगर, गंगापूर रोड, जेल रोड अशा ठिकाणी नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांच्या कामातही सोबत होते. त्यातून एक क्रम पक्का झाला, तोच खाली मांडते. तुम्हाला पांढरा, मोतिया, सायीसारखा, बदामी, मातकट, करडा, राखाडी, तपकिरी या न्यूट्रल घराण्यातलं काहीही करायचं असलं तरी क्रम हाच ठेवा.

काम सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- सोसायटीचं घर असेल तर कामाची लेखी सूचना. बऱ्याच ठिकाणी कामाच्या वेळा ठरलेल्या असतात, अनामत घेतात, कामगारांची नावं गेटवर द्यावी लागतात. बाल्कनीची बाहेरून दिसणारी बाजू सोसायटीला विचारल्याशिवाय रंगवू नका.
- भाड्याचं घर असेल तर मालकांची लेखी संमती. घर सोडताना मूळ रंग परत द्यायचा की नाही, हे लिव्ह अँड लायसन्सच्या करारात काय लिहिलंय ते आधी वाचा.
- नवीन फ्लॅट असेल तर ताब्याचं पत्र आणि भिंतींचे तारखेसह फोटो. कशासाठी ते तिसऱ्या पायरीत सांगते.
- फरशीचा एक सुटा तुकडा. काम झाल्यावर बिल्डर किंवा फरशीवाला उरलेल्या टाइल्स ठेवून जातो, त्यातलीच एक.
- मोजपट्टी, कोरे पांढरे कागद, चार-पाच मोठे पुठ्ठे किंवा ड्रॉइंग शीट, मास्किंग टेप, तीन इंची ब्रश, लहान रोलर, टॉर्च आणि ॲल्युमिनियम फॉइल.

१. फरशीपासून सुरुवात करा

घरात सगळ्यात मोठा आणि सहज न बदलणारा रंग फरशीचा असतो, तरी शेड निवडताना तिच्याकडे कुणी बघत नाही. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये साधारणपणे हस्तिदंती किंवा क्रीम व्हिट्रिफाइड टाइल असते. जुन्या बंगल्यांत मोझॅक, शहाबादी किंवा कोटा भेटतो. स्वयंपाकघरात काळा ग्रॅनाइट नाहीतर कडप्प्याचा ओटा.

टाइलवर कोरा पांढरा कागद ठेवा आणि खिडकीजवळ नेऊन बघा. पांढऱ्याशेजारी ठेवलं की झाक लगेच उघडी पडते. आपल्याला जी ‘पांढरीच’ वाटत होती ती टाइल पिवळसर असते, कधी गुलाबीसर, कधी चक्क हिरवट. ही झाक कागदावर लिहून ठेवा, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत.

पिवळसर क्रीम फरशीवर निळ्या झाकेचा राखाडी लावला की फरशी जुनाट आणि मळकी दिसते, भिंत थंडगार दिसते आणि दोघींचं जमत नाही. आवडलेल्या फोटोतला ग्रे आपल्या घरी विसंगत दिसतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: त्या फोटोत खाली लाकडी किंवा सिमेंटच्या रंगाची जमीन असते. क्रीम फरशीला मोतिया, बदामी किंवा मातीची झाक असलेला राखाडी चालतो. कोटा हिरवट करडा असल्यामुळे त्याच्यावर सायीचा पांढरा आणि हिरवट झाकेचा फिकट करडा, दोन्ही छान बसतात. काळ्या शहाबादीचं घर असेल तर तुम्ही नशीबवान आहात, तिच्यावर जवळजवळ कुठलाही उबदार पांढरा शोभतो. सराफ बाजारातला सरकारवाडा किंवा पंचवटीतले जुने वाडे बघा. काळा पाषाण, सागवान आणि चुन्याची भिंत, एवढ्या तीन गोष्टींवर ती घरं उभी आहेत.

दरवाजांचं लॅमिनेट, खिडक्यांच्या चौकटी आणि न बदलणारा सोफा यांचीही झाक अशीच बघून घ्या.

२. उजेड बघा, दिवसाचा आणि रात्रीचा

प्रत्येक खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते मोबाइलच्या कंपासवर बघून लिहा. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. तिथला उजेड दिवसभर एकसारखा पण निळसर असतो, त्यामुळे राखाडी आणखी थंड वाटतो. अशा खोलीला पिवळ्या किंवा किंचित गुलाबी झाकेचा पांढरा द्या. दक्षिणेची खोली सगळ्यात सोपी, तिथे उजेड उबदार आणि भरपूर. पूर्वेला सकाळी सोनेरी आणि दुपारनंतर उदास. पश्चिमेच्या खोलीचा मात्र खास विचार करा. आपल्याकडे मार्च ते मेमध्ये चार वाजल्यानंतर ऊन आत शिरतं आणि बदामी भिंत नारिंगी दिसायला लागते. तिथे थोडा थंड, करड्या अंगाचा रंग घेतला तर संध्याकाळी तो बरोबर मधोमध येतो.

आता दिशेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट. फ्लॅटमध्ये येणारा उजेड पुष्कळदा थेट आकाशातून न येता समोरच्या इमारतीवर आपटून येतो. नात्यातल्या एका घरी समोरची इमारत विटकरी रंगाची होती. हॉलच्या भिंतीला लावलेला स्वच्छ पांढरा सकाळी अकराच्या सुमाराला फिका गुलाबी दिसायचा. पेंटरने दुसरा डबा वापरला असेल म्हणून त्याच्याशी वादही झाला, आणि ढग आले की भिंत पुन्हा पांढरी! गंगापूर रोडला खिडकीबाहेर मोठं झाड असलेल्या घरांत हाच प्रकार हिरव्या झाकेचा. त्यामुळे खिडकीत उभं राहून समोर काय आहे तेही लिहून घ्या.

रात्रीचा उजेड तुमच्या हातात आहे, आणि तो शेडच्या आधी ठरवायचा. एलईडीच्या खोक्यावर आकडा असतो. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे पांढरा-निळसर. आपल्याकडे सवयीने सगळीकडे ६५०० लावतात आणि त्यात बदामी भिंत आजारी दिसते. माझं स्पष्ट मत: न्यूट्रल घर करायचं असेल तर हॉल आणि झोपायच्या खोल्यांत ३०००, स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० लावा. ६५०० काढून टाका. खोक्यावर सीआरआयचा आकडाही असतो. तो ९०च्या आसपास असेल तर रंग खरे दिसतात. एकाच खोलीत पिवळा आणि पांढरा दिवा मिसळू नका, एकाच भिंतीचे दोन रंग दिसतात.

३. भिंत कोरडी आहे का?

फिकट रंगावर ओल सगळ्यात आधी दिसते. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूच्या भिंती जास्त भिजतात. बाथरूमच्या मागची भिंत आणि गच्चीखालचं छत, ही आणखी दोन संशयाची ठिकाणं.

साधी परीक्षा अशी: हातभर ॲल्युमिनियम फॉइल भिंतीला लावा, चारही कडा टेपने बंद करा, एक दिवस ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा. पहिल्या प्रकारात आधी वॉटरप्रूफिंगवाला बोलवा. पुट्टी मारून ओल झाकण्याचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका, पुढच्या पावसाळ्यात पोपडे येणारच.

नवीन फ्लॅट असेल तर एक मोठा सापळा आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ (३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष दिसला आणि तुम्ही कळवलं, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. ओल किंवा भेगा दिसत असतील तर रंग देण्याआधी फोटो काढा, ईमेल करा आणि उत्तराची वाट बघा. एकदा तुमचा पेंटर घासून गेला की ‘हे तुमच्याच कामामुळे झालं’ असं ऐकावं लागतं.

ताजा सिमेंटचा गिलावा असेल तर निदान महिनाभर तरी वाळू द्या, नाहीतर आतला खार वर येऊन रंगावर पांढरे डाग उठतात. जिप्सम केलेल्या भिंती आधीच गुळगुळीत असतात. त्यांना सरसकट पुट्टीचे दोन हात लावायची गरज बहुधा पडत नाही, पण कोटेशनमध्ये ते हमखास टाकलेले असतात. विचारा.

हंगामाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर टाळा. दिवाळीच्या तोंडावर पेंटर मिळत नाहीत, मिळाले तर घाई करतात. दिवाळी झाल्यावर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च उत्तम. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत रंग वाळायला वेळ लागतो. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेल्यापेक्षा जास्त वेळ सोडायला सांगा, शक्यतो रात्रभर.

४. आता शेड

इथवर आल्यावर तुमच्याकडे प्रत्येक खोलीसाठी फरशीची झाक, खिडकीची दिशा, समोर काय आहे आणि दिवा कुठला, एवढं लिहिलेलं असेल. दुकानात जाताना हा कागद आणि टाइल दोन्ही घेऊन जा. टाइल पिशवीतून काढली की दुकानदारही वेगळ्या गांभीर्याने बोलायला लागतो.

शेडकार्डावरचा दोन बोटांचा तुकडा कधीच खरा नसतो. चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे कार्डावर फिकट दिसलेला रंग खोलीत एक-दोन पायऱ्या गडद आणि जास्त रंगीत वाटतो. कार्डावर जो अगदी बरोबर वाटतो, त्याच्या एक पायरी फिकट निवडा. काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही हा आकडा देतात. रंग किती उजेड परत फेकतो ते त्यावरून कळतं: ० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. खिडकी असूनही उजेड कमी येणाऱ्या खोलीला ७०च्या वरचा घ्या. ५०च्या खाली गेलात तर तो रंग उजेड गिळायला लागतो. एखाद्या भिंतीपुरतं ते चालेल, सगळ्या खोलीला नको.

तीन शेड नक्की करा, त्यांचे सगळ्यात लहान डबे दुकानातल्या टिंटिंग (रंग मिसळायच्या) मशीनवर बनवून घ्या. भिंतीवर थेट चौकोन मारू नका. जुना रंग आजूबाजूला असतो आणि डोळा त्याच्याशीच तुलना करत राहतो. पुठ्ठ्यावर दोन हात मारा, चारही बाजूंना दोन बोटं पांढरी कड सोडा, पूर्ण वाळू द्या. मग तो पुठ्ठा फरशीला टेकवून भिंतीशी उभा ठेवा. आडवा धरून बघितला तर उजेड वेगळा पडतो आणि निर्णय चुकतो. एकदा खिडकीसमोरच्या भिंतीला, एकदा खिडकीच्याच भिंतीला, एकदा कोपऱ्यात. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिवे लावून. घरातल्या सगळ्यांनी बघावं, विशेषतः जे दिवसभर घरात असतात त्यांनी.

इथे लोक तीन ठिकाणी हमखास फसतात:

छत. पेंटर विचारतो, ‘सीलिंगला व्हाइटच ना?’ आणि आपण हो म्हणतो. दुकानातला नुसता पांढरा बहुधा निळसर असतो, त्याच्याखाली मोतिया भिंत पिवळी धम्मक दिसते. छताला भिंतीच्याच घराण्यातला, अगदी फिकट केलेला पांढरा घ्या.

अंधारी खोली पांढरी करणं. बाहेरचा उजेड येतच नसेल तर पांढरा रंग राखेसारखा दिसतो. पॅसेजला आणि आतल्या खोलीला मध्यम बदामी किंवा मातकट रंग द्या, जास्त राहता येण्याजोगी वाटते.

प्रत्येक खोलीला वेगळा न्यूट्रल. हॉल क्रीम, बेडरूम राखाडी, दुसरी बेडरूम गुलाबीसर असं केलं की दारं उघडी असताना तिन्ही एकमेकांना मारक ठरतात. एक मुख्य रंग धरा, बाकी खोल्यांत त्याचाच गडद-फिकट भाऊ.

५. पेंटरशी बोलणी

दर मालासकट की नुसत्या मजुरीचा, हे आधी ठरवा. नुसती मजुरी देऊन माल स्वतः आणणं मला बरं वाटतं. डबे सीलबंद येतात, पक्कं बिल आणि शेडचा स्टिकर आपल्याकडे राहतो.

माप कार्पेट एरियावर धरलंय की भिंतींच्या खऱ्या क्षेत्रफळावर, हेही विचारा. १० बाय १२ची, १० फूट उंच खोली घ्या. भिंतींची लांबी ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट, वर छताचे १२०. दारं-खिडक्या वजा होणार की नाही, ते बोलून घ्या. डब्यावरचं कव्हरेज (एका लिटरमध्ये किती भिंत रंगते) एका हाताचं आहे की दोन हातांचं, हे बारीक अक्षरात असतं. तिथेच मालाचा अंदाज निम्म्याने चुकतो.

लेखी काय हवं: पुट्टीचे किती हात, घासून झाल्यावर प्रायमर, रंगाचे दोन हात, फर्निचर आणि पंखे झाकणं कुणाकडे, पैसे किती टप्प्यांत. प्रायमर गाळला तर फिकट रंगावर ढग उठतात, कारण पुट्टी काही ठिकाणी जास्त रंग पिते. रंगात पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच. एका खोलीला लागणारे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून मगच रोलर चालवायला सांगा. वेगवेगळ्या दिवशी मशीनवर बनलेल्या डब्यांत केसभर फरक असतो, आणि न्यूट्रल रंगात तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

घासकाम झालं की रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपी धरा. उंचवटे, खड्डे, ब्रशच्या रेषा सगळं दिसेल. त्यावर पेन्सिलने गोल करून ठेवा. रंग लागल्यावर हे सुधारता येत नाही.

जुन्या घरासाठी एक गंभीर सूचना. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या दारांत, ग्रिलमध्ये शिसं असू शकतं. ते कोरडं घासू देऊ नका, ओलं करून घासायला सांगा. त्या दिवसांत लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत.

६. कुठल्या जागेला कुठला फिनिश

मॅट भिंतीचे दोष लपवतो, पण डाग धरतो. थोडी चमक असलेला सॅटिनसारखा फिनिश पुसता येतो, पण खडबडीत भिंत उघडी पाडतो. म्हणून हॉल आणि बेडरूमला मॅट, पॅसेजला आणि मुलांच्या खोलीला सॅटिन.

दारापासच्या भिंतीचा नाशिककरांनी वेगळा विचार करावा. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारून आलेला मुलगा जिना चढून थेट आत येतो आणि चप्पल काढताना ओला हात भिंतीला टेकवतो. त्या भिंतीला खालून चार फुटांपर्यंत धुता येईल असाच रंग हवा, किंवा गडद मातकट पट्टा.

गॅसमागे फोडणीची वाफ आणि हळद बसते, तिथे टाइल छतापर्यंत न्या. देवघरामागे समई आणि उदबत्तीची काजळी चढते. फिकट भिंतीवर वर्षभरात काळपट जीभ उमटते. तिथे दगडाची पाटी किंवा सागवानी फळी लावली की काजळी पुसून निघते, आणि पितळेची समई तिच्यासमोर फार सुंदर दिसते.

७. घर दवाखान्यासारखं दिसू नये म्हणून

सगळं फिकट आणि सगळं गुळगुळीत झालं की खोली निर्जीव वाटते. यावर इलाज रंग वाढवण्याचा नाही, पोत वाढवण्याचा आहे. हाताला वेगवेगळ्या लागतील अशा निदान चार गोष्टी एका खोलीत हव्यात: खादीचा किंवा जाड सुताचा पडदा, तागाची नाहीतर वेताची चटई, लाकूड, धातू, माती, लोकर.

यासाठी महागड्या डेकोरच्या दुकानात जायची गरज नाही. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या काठच्या, बाजारात बांबूच्या टोपल्या आणि मडकी बघा. भांडी बाजारात तांब्या-पितळेची जुन्या घडणीची पातेली, घंगाळं मिळतात. एक घंगाळ कोपऱ्यात ठेवून त्यात मनीप्लांट लावा. आजीची काळी-पांढरी घोंगडी माळ्यावर असेल तर उन्हात टाका आणि दिवाणावर अंथरा. तिच्या इतका अस्सल न्यूट्रल दुसरा नाही. पडद्याचं कापड मेन रोडला घेताना अर्धा मीटर आणून आधी खिडकीत टांगा, दुकानातल्या दिव्यात झाक कळत नाही.

थोडा काळा रंग प्रत्येक खोलीत असू द्या: फोटोची चौकट, दिव्याचा दांडा, पाट्याचा दगड. त्याने बाकीचे फिकट रंग उठून दिसतात. सोफ्याला चेन असलेली, काढून धुता येणारी कव्हरं घ्या, चहा सांडणारच. नवीन बांधकामं सुरू असलेल्या भागात राहत असाल तर पंख्याची पाती पांढऱ्याऐवजी तपकिरी निवडा, धूळ कमी दिसते.

आणि घरातल्या रंगीत गोष्टींना घाबरू नका. येवल्याची पैठणी फ्रेम करून लावली, दारात झेंडूचं तोरण आलं, गणपतीची आरास झाली, तर शांत भिंतीमुळे त्यांना मान मिळतो. म्हणून कायमचे रंगीत कुशन आणि मोठमोठी चित्रं एकदम आणू नका. महिनाभर मोकळ्या भिंतीत राहा, मग ठरवा.

८. शेवटचा हप्ता देण्याआधी

दिवसा एकदा आणि दिवे लावून एकदा सगळं फिरून बघा. स्विचबोर्डच्या कडा, खिडकीच्या चौकटी, छताची रेघ, दारांमागची जागा. राहिलेलं टेपचे तुकडे लावून दाखवा आणि ते पूर्ण झाल्यावरच पैसे द्या. उरलेला रंग घट्ट बंद करून त्यावर खोलीचं नाव आणि तारीख लिहा. शेडचा नंबर, कंपनी, फिनिश आणि बेस (ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग) असलेल्या स्टिकरचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा. खिळ्याची भोकं बुजवायला हाच डबा लागतो, आणि वापरण्याआधी तो तळापासून नीट ढवळावा लागतो.